नकारांचा इतिहास : सर्व्हर अद्ययावत करणाऱ्या ‘ॲप्ट’ या आज्ञेचा ऐतिहासिक अभ्यास (१९९३ ते २०२५)

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. शिलालेख, ताम्रपट, नाणी, पत्रव्यवहार, दप्तरे व बखरी यांची चिकित्सा करूनच इतिहासकार गतकाळाचे चित्र उभे करीत असतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि अस्सल कागदाचा आग्रह मराठी इतिहाससंशोधनात रुजविला. राजवाड्यांच्या काळी साधन म्हणजे कागद होता. गेल्या तीन दशकांत मात्र मानवी व्यवहारांचा मोठा भाग कागदावरून संगणकावर गेला आहे. महाविद्यालयाचे प्रवेश अर्ज, बँकेतील देवघेव, शासकीय दाखले, ग्रंथालयाच्या नोंदी हे सर्व आज ‘सर्व्हर’ नावाच्या, अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकांच्या आधारे चालते. या सर्व्हरवरील आज्ञावल्यांमध्ये वेळोवेळी दोष आढळतात व ते दूर करण्यासाठी त्या आज्ञावल्या अद्ययावत कराव्या लागतात. हे काम बहुधा चित्रे व खिडक्या असलेल्या पडद्यावर होत नाही. काळ्या पडद्यावर अक्षरांत टंकलेल्या एका ओळीच्या आज्ञेने ते होते. या पद्धतीस ‘कमांड लाइन’ असे म्हणतात.

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीतील ‘ॲप्ट’ ही अशीच एक आज्ञा आहे. तिचे काम सुरळीत झाले तर वापरणाऱ्यास तिच्याविषयी विचार करण्याचे कारण पडत नाही. परंतु ती काही वेळा काम करण्यास नकार देते व त्या नकाराचे कारण दोन-चार ओळींत सांगते. हे नकार-संदेश त्रासदायक वाटतात आणि ते कसेही करून पार करण्याकडे वापरणाऱ्याचा कल असतो. प्रस्तुत लेखात या नकारांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रत्येक नकाराच्या मागे एखादा धोका, एखादे धोरण किंवा प्रत्यक्ष घडलेली एखादी दुर्घटना उभी आहे आणि तो इतिहास जाणल्याशिवाय नकार ओलांडणे घातक ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ‘ॲप्ट’ या आज्ञेच्या उदयाची व विकासाची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे.
२. या आज्ञेच्या प्रमुख नकार-संदेशांचा अर्थ व त्यांमागील कारणे तपासणे.
३. आज्ञा यशस्वी होऊनही सर्व्हर असुरक्षित राहिल्याच्या घटनांचा आढावा घेऊन या साधनाच्या मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासाची व्याप्ती डेबियन प्रणालीपुरती मर्यादित असून अन्य प्रणालींचा उल्लेख तुलनेसाठी केला आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंग्रजी आज्ञा व संदेश येथे देवनागरीत किंवा मराठी आशयाने दिले आहेत.

१. पॅकेजपूर्व काळ

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ‘लिनक्स’ या प्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला. हा गाभा एकटा उपयोगाचा नव्हता. त्याच्याभोवती शेकडो लहान-मोठ्या आज्ञावल्या जमविल्या तरच वापरण्याजोगी प्रणाली तयार होई. आज्ञावलीचा मूळ संकेत मिळवावा, तो आपल्या यंत्रावर संकलित करावा आणि तयार झालेल्या फाइली योग्य जागी ठेवाव्यात, अशी तेव्हाची रीत होती. कोणती फाइल कोणत्या आज्ञावलीची, याची एकत्र नोंद कोठेही राहत नसे. जुनी आवृत्ती काढून नवी बसविताना जुन्या फाइली मागे राहत. एका आज्ञावलीस लागणारी दुसरी आज्ञावली यंत्रावर आहे किंवा नाही, हे व्यवस्थापकाने स्वतः लक्षात ठेवावयाचे असे. यंत्राचे संपूर्ण ज्ञान एका माणसाच्या स्मरणात साठविलेले असे आणि तो माणूस गेला की ते ज्ञानही जाई.

या आज्ञावल्या एकत्र करून देणाऱ्या संचांना ‘वितरण’ म्हणतात. १९९२ मधील ‘एसएलएस’ हे अशा आरंभीच्या वितरणांपैकी एक होते. त्यातील उणिवांमुळे असमाधानी असलेल्या इयन मर्डॉक या अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ‘डेबियन’ या नव्या वितरणाची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे व स्वतःचे नाव जोडून त्याने हे नाव तयार केले होते. अनेक स्वयंसेवकांनी मिळून, उघडपणे व काळजीपूर्वक सांभाळलेली प्रणाली हा त्याचा संकल्प होता. अनेक हातांनी एक वस्तू घडवावयाची तर त्या हातांमध्ये काही करार असावा लागतो. ‘पॅकेज’ ही संकल्पना म्हणजे असा करार होय.

२. डीपीकेजी : नोंदवहीचा उदय

डेबियनमध्ये पॅकेज हाताळण्यासाठी ‘डीपीकेजी’ हे साधन १९९४ मध्ये आकारास आले. त्याचे आरंभीचे रूप साधे होते. पुढे इयन जॅक्सन यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिले. पॅकेज म्हणजे आज्ञावलीच्या फाइली व तिची माहिती एकत्र बांधलेले गाठोडे. त्या माहितीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते सांभाळणाऱ्याचे नाव आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यास लागणाऱ्या अन्य पॅकेजांची यादी असते. या परस्परसंबंधास ‘अवलंबित्व’ असे म्हटले जाते.

डीपीकेजीने एक नोंदवही ठेवण्यास सुरुवात केली. यंत्रावर कोणते पॅकेज आहे, त्याची आवृत्ती कोणती आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हे सर्व एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिले जाऊ लागले. पॅकेज ‘उघडलेले’, ‘अर्धवट मांडलेले’ किंवा ‘पूर्ण बसविलेले’ अशा निरनिराळ्या अवस्थांत असू शकते. एखाद्या मनुष्याच्या स्मरणात असलेले ज्ञान येथे प्रथमच वहीत उतरले. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तराने जे काम महसुलाच्या बाबतीत केले, तेच काम या वहीने यंत्राच्या बाबतीत केले, असे म्हणता येईल.

तथापि डीपीकेजीची एक मर्यादा होती. हाती दिलेले पॅकेज बसविणे एवढेच ते जाणत असे. अवलंबित्व अपुरे असेल तर ते नकार देई, परंतु उणे असलेले पॅकेज कोठून आणावे हे त्यास ठाऊक नसे. एक पॅकेज आणावे तर ते दुसरे मागे, दुसरे आणावे तर तिसरे. पॅकेजांची संख्या वाढत गेली तसा हा प्रश्न बिकट झाला. जून १९९६ मधील डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजेस होती, तर जुलै १९९८ मधील २.० मध्ये ती १,५०० च्या वर गेली. रेड हॅट कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या ‘आरपीएम’ या साधनाचीही हीच अडचण होती. इंग्रजीत या अवस्थेस ‘अवलंबित्वाचा नरक’ असेच नाव पडले.

३. ॲप्टचा उदय

डेबियनमध्ये पॅकेज निवडण्यासाठी ‘डीसिलेक्ट’ हे साधन होते, पण ते वापरण्यास कठीण म्हणून प्रसिद्ध होते. त्याची जागा घेण्यासाठी १९९७ मध्ये ‘डीटी’, म्हणजे ‘दैवत’, या सांकेतिक नावाने एक प्रकल्प हाती घेण्यात आला. नावाच्या धार्मिक अर्थामुळे ते पुढे मागे पडले व ‘ॲप्ट’ हे नाव रूढ झाले. १९९८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि ९ मार्च १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन २.१ ‘स्लिंक’ मध्ये त्याचा समावेश झाला. त्या वेळी पॅकेजांची संख्या सुमारे २,२५० होती. विशेष म्हणजे ‘ॲप्ट-गेट’ ही कमांड लाइनवरील आज्ञा मूळ ग्रंथालयाची चाचणी घेण्यासाठी तयार केलेली होती. पडद्यावरील देखणे साधन हे मुख्य ध्येय होते. प्रत्यक्षात चाचणीसाठी केलेली आज्ञाच टिकली व सर्वमान्य झाली.

ॲप्टने अवलंबित्वाची संपूर्ण साखळी शोधून, लागणारी सर्व पॅकेजेस दूरच्या भांडारातून आणून, योग्य क्रमाने डीपीकेजीच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था केली. ही कल्पना इतकी उपयुक्त ठरली की ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा या कंपनीने ॲप्ट हे आरपीएमसाठी रूपांतरित केले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सेठ विडाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यम’ हे साधन घडविले. पुढे फेडोरा या वितरणात २०१५ मध्ये त्याची जागा ‘डीएनएफ’ने घेतली. डेबियनमध्ये मात्र मूळ घराणे कायम राहिले. १ एप्रिल २०१४ रोजी ॲप्टची १.० ही आवृत्ती आली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ मध्ये ॲप्टची ३.० ही मालिका समाविष्ट आहे. ‘ट्रिक्सी’मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. इतक्या संख्येचे परस्परसंबंध कोणाही एका माणसाच्या स्मरणात राहणे अशक्य आहे.

४. आज्ञेची कार्यपद्धती

नकारांचा अर्थ समजण्यासाठी आज्ञेचे टप्पे माहीत असणे आवश्यक आहे. ‘ॲप्ट अपडेट’ ही पहिली आज्ञा. नावामुळे गैरसमज होतो, पण या आज्ञेने कोणतीही आज्ञावली बदलत नाही. भांडारात काय उपलब्ध आहे याची ताजी यादी तेवढी आणली जाते. ‘ॲप्ट अपग्रेड’ ही दुसरी आज्ञा त्या यादीनुसार नव्या आवृत्त्या बसविते. जुन्या ‘ॲप्ट-गेट’ मधील ‘अपग्रेड’ कोणतेही पॅकेज काढून टाकीत नाही व नवे पॅकेजही आणत नाही, तर नव्या ‘ॲप्ट’ मधील ‘अपग्रेड’ गरज पडल्यास नवे पॅकेज आणते. पॅकेज काढून टाकण्याची मुभा ‘फुल-अपग्रेड’ या वेगळ्या आज्ञेलाच आहे. या तीन आज्ञांतील भेद न जाणता काम केल्यास घोटाळा होतो. पहिली आज्ञा न देता दुसरी दिली, तर जुन्या यादीच्या आधारे ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे उत्तर मिळते आणि व्यवस्थापक निश्चिंत होतो.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदवावे लागेल. सुरक्षेचा दोष आढळल्यास सामान्यतः संपूर्ण नवी आवृत्ती आणली जात नाही. जुन्याच आवृत्तीत तेवढी दुरुस्ती बसविली जाते. त्यामुळे आवृत्तीचा मुख्य क्रमांक जुना दिसतो, पण दोष दूर झालेला असतो. केवळ क्रमांक पाहून सर्व्हर असुरक्षित ठरविणे, किंवा दुरुस्त पॅकेज काढून बाहेरून नवी आवृत्ती बसविणे, हे या धोरणाच्या अज्ञानातून घडते.

५. नकारांचे प्रकार व त्यांमागील कारणे

(अ) कुलूप : ‘कुलूप मिळू शकले नाही’ हा बहुधा सर्वाधिक परिचित नकार होय. नोंदवही एकाच वेळी दोघांनी लिहिली तर ती बिघडते, म्हणून लिहिणारी प्रक्रिया एका विशिष्ट फाइलीवर कुलूप लावते. अलीकडे अनेक यंत्रांवर सुरक्षा-दुरुस्त्या पार्श्वभूमीत आपोआप बसविल्या जातात, त्यामुळे माणसाने आज्ञा दिली असता हे कुलूप आधीच लागलेले आढळते. ती फाइल पुसून टाकावी असा उपाय अनेकदा सुचविला जातो. तो चुकीचा आहे. कुलूप फाइलीच्या नावावर नसून आधीच उघडलेल्या त्या फाइलीवर असते. नाव पुसल्याने पहिली प्रक्रिया थांबत नाही. उलट दुसरी प्रक्रिया त्याच नावाची नवी फाइल तयार करून तिला कुलूप लावते आणि दोन्ही प्रक्रिया एकाच वहीत लिहू लागतात. जी आपत्ती टाळण्यासाठी कुलूप केले तीच ओढवून घेतली जाते. कोणती प्रक्रिया चालू आहे हे पाहून ती पूर्ण होऊ देणे हाच योग्य मार्ग होय.

(आ) अपूर्ण राहिलेले काम : वीज गेली, जोडणी तुटली किंवा डिस्कवरील जागा संपली तर पॅकेज अर्धवट अवस्थेत राहते. पुढच्या वेळी आज्ञा नकार देते व ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा स्वतः द्यावी असे सांगते. नोंदवहीत अवस्था लिहिलेली असल्यामुळेच काम जेथे थांबले तेथून पुढे नेता येते. अवलंबित्व तुटलेले असेल तर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा उपयोगी पडते. मात्र जागाच संपली असेल तर या आज्ञा पुनःपुन्हा देऊन लाभ नाही. प्रथम जागा मोकळी करावी लागते. आरंभ-विभागात साठलेल्या जुन्या गाभ्यांमुळे ही अडचण विशेष येते व ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने ती बहुधा सुटते.

(इ) बदललेली मांडणी-फाइल : व्यवस्थापकाने एखाद्या सेवेची मांडणी-फाइल हाताने बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदलली असेल, तर आज्ञा थांबून प्रश्न विचारते : नवी फाइल घ्यावी, जुनी ठेवावी, की दोहोंतील फरक पाहावा? काहीच न निवडता पुढे गेल्यास जुनी फाइल राहते. स्थानिक माणसाने केलेला बदल दूरच्या वितरकाने न विचारता पुसू नये, हे डेबियनचे लिखित धोरण आहे. घाईने ‘नवी घ्यावी’ असे उत्तर दिल्यास वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी जागेवरून जातात व सेवा बंद पडते. सदैव ‘जुनी ठेवावी’ म्हटल्यास नव्या सुरक्षित मांडणीचा लाभ मिळत नाही. तिसरा पर्याय, फरक पाहणे, हाच विवेकाचा आहे.

(ई) स्वाक्षरी : ‘स्वाक्षरीची पडताळणी होऊ शकली नाही’ या नकाराच्या मागे एक निश्चित इतिहास आहे. २१ नोव्हेंबर २००३ रोजी डेबियनने आपल्या सर्व्हरांवर घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. एका विकसकाचा चोरलेला परवलीचा शब्द व लिनक्स गाभ्यातील एक दोष यांचा आधार घेऊन घुसखोराने चार यंत्रांवर ताबा मिळविला होता. त्या दोषाची दुरुस्ती सप्टेंबर २००३ मध्येच झाली होती, परंतु सुरक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व ओळखले न गेल्याने ती वापरातील गाभ्यात पोहोचली नव्हती. पॅकेजांचे भांडार सुदैवाने अबाधित राहिले. मात्र भांडारातील पॅकेज बदलले गेले असते तर सर्वसामान्य वापरकर्त्याच्या आज्ञेला ते कळले नसते, कारण स्थिर आवृत्तीतील आज्ञा तोवर स्वाक्षरी आपोआप तपासत नव्हती. ८ एप्रिल २००७ रोजी आलेल्या डेबियन ४.० ‘एच’ पासून स्थिर आवृत्तीत ही तपासणी सुरू झाली. भांडाराच्या मुख्य सूचीवर स्वाक्षरी, सूचीत याद्यांचे ठसे आणि याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा अशी ही साखळी आहे. पेशवाईतील पत्रावर मोर्तब पाहिल्याखेरीज ते ग्राह्य धरीत नसत, त्याच जातीची ही दक्षता होय. स्वाक्षरीची तपासणी बंद करणे म्हणजे २००३ पूर्वीच्या स्थितीत परत जाणे आहे.

(उ) मुदत संपलेली आवृत्ती : प्रत्येक स्थिर आवृत्तीला आधाराची मुदत असते. २०१४ पासून दीर्घकालीन आधाराची योजना सुरू झाल्याने ही मुदत सुमारे पाच वर्षांपर्यंत गेली आहे. त्यानंतर त्या आवृत्तीची पॅकेजेस नेहमीच्या भांडारातून काढून जुन्या संग्रहात ठेवली जातात आणि आज्ञा ‘४०४’ हा क्रमांक देऊन फाइल सापडत नसल्याचे सांगते. जुन्या संग्रहाचा पत्ता दिल्यास हा नकार थांबतो, पण त्या संग्रहात नव्या सुरक्षा-दुरुस्त्या येत नाहीत. नकार थांबला म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला असे नव्हे. यंत्राचे घड्याळ चुकलेले असल्यासही सूची ‘अद्याप वैध नाही’ किंवा ‘मुदतबाह्य आहे’ असा नकार येतो. त्याचा उपाय घड्याळ दुरुस्त करणे एवढाच आहे.

(ऊ) अत्यावश्यक पॅकेज : एखाद्या आज्ञेमुळे प्रणालीचे अत्यावश्यक पॅकेज निघून जाणार असेल तर पूर्वी ॲप्ट एक संपूर्ण वाक्य टंकावयास लावीत असे. ‘होय, मी सांगतो तसे कर!’ असा त्या इंग्रजी वाक्याचा आशय होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चित्रफितीत एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीच्या सादरकर्त्याने पॉप ओएस या प्रणालीवर एक आज्ञावली बसविताना हे वाक्य टंकले व यंत्रावरील संपूर्ण डेस्कटॉप निघून गेला. मूळ दोष त्या दिवशीच्या पॅकेजांच्या अवलंबित्वात होता. त्याच महिन्यात आलेल्या ॲप्टच्या २.३.१२ या आवृत्तीपासून ही वाट बंद झाली. आता आज्ञेसोबत वेगळा पर्याय आधीच लिहून दिल्याखेरीज अशी पॅकेजेस काढता येत नाहीत. माणूस इशारा वाचून निर्णय घेईल हे जुने गृहीतक या घटनेने मोडीत काढले.

६. आज्ञा यशस्वी, तरीही सर्व्हर असुरक्षित

नकार आला नाही म्हणजे सर्व काही ठीक झाले, हा समजही इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. १३ मे २००८ रोजी डेबियनने ओपनएसएसएल या पॅकेजमधील गंभीर दोष जाहीर केला. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनकडून झालेल्या एका बदलात यादृच्छिक अंक निर्माण करणाऱ्या संकेताचा महत्त्वाचा भाग निघून गेला होता. परिणामी एका प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्यांचे जवळजवळ ३२,७६८ एवढेच पर्याय उरले. पॅकेज अद्ययावत केल्याने पुढच्या किल्ल्या चांगल्या निर्माण होऊ लागल्या, पण मधल्या काळातील दुबळ्या किल्ल्या तशाच राहिल्या. त्या हाताने शोधून बदलाव्या लागल्या. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषाच्या वेळीही पॅकेज बदलणे पुरेसे नव्हते. चालू असलेली सेवा स्मृतीत जुनेच ग्रंथालय वापरीत राहते. ती सेवा पुन्हा सुरू केल्यावरच दुरुस्ती लागू होते, आणि फुटलेल्या किल्ल्या तरीही बदलाव्याच लागतात.

२२ जानेवारी २०१९ रोजी तर खुद्द ॲप्टमध्येच दोष असल्याचे जाहीर झाले. मार्गातील आक्रमकाला भांडाराच्या उत्तरात फेरफार करून यंत्रावर ताबा मिळविता येईल असा तो दोष होता. ज्या साधनाने दुरुस्ती आणावयाची तेच साधन सदोष, असा हा पेच होता. पत्ता दुसरीकडे वळविण्याची सोय तात्पुरती बंद करून अद्ययावत करावे, असा मार्ग डेबियनने सुचविला, आणि दुसऱ्याच दिवशी ९.७ ही आवृत्ती काढली.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपविलेला चोरदरवाजा उघड केला. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या निरीक्षणावरून तो त्या निष्कर्षापर्यंत पोहोचला. या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी-शाखांत पोहोचल्या होत्या, स्थिर आवृत्तीत नव्हे. त्या पॅकेजांवर स्वाक्षऱ्या यथायोग्य होत्या. कागद अस्सल आहे हे सिद्ध झाले तरी त्यातील मजकूर खरा आहे हे सिद्ध होत नाही, ही इतिहास-चिकित्सेतील मूलभूत जाणीव येथेही तंतोतंत लागू पडते.

७. मराठी भाषेचा संबंध

डेबियन ५.० ‘लेनी’ ही आवृत्ती १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या स्थापना-साधनात नव्याने आलेल्या भाषांत मराठीचा समावेश होता. ॲप्टच्या संदेशांचेही मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणजेच या परंपरेशी आपला संबंध परकेपणाचा नाही. नकार-संदेश हा एक इशारा असतो आणि इशारा समजणाऱ्या भाषेत असेल तरच तो इशारा ठरतो. लहान संस्थांत सर्व्हरची जबाबदारी अनेकदा एकाच व्यक्तीकडे, तीही अन्य कामे सांभाळून, असते. अशा व्यक्तीला संदेश न समजता कोठून तरी मिळालेली आज्ञा जशीच्या तशी टंकण्याचा मोह होतो. त्या एका ओळीवर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका किंवा ग्राहकांच्या ठेवींच्या नोंदी अवलंबून असू शकतात.

निष्कर्ष

१. सर्व्हर अद्ययावत करण्याचे ज्ञान प्रथम व्यक्तीच्या स्मरणात होते. डीपीकेजीमुळे ते नोंदवहीत, ॲप्टमुळे सामायिक भांडारात आणि स्वाक्षरीमुळे विश्वासाच्या साखळीत गेले.
२. ॲप्टचे नकार हे मागील धोक्यांची व दुर्घटनांची साठविलेली आठवण आहेत. स्वाक्षरीविषयीचा नकार व अत्यावश्यक पॅकेजविषयीचा नकार यांच्या बाबतीत त्या आठवणीस निश्चित सनावळी देता येते.
३. नकार आला असता तो ओलांडण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे. कुलूप, जागा, घड्याळ, स्वाक्षरी व मुदत या क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.
४. आज्ञा यशस्वी होणे हा कामाचा शेवट नाही. सेवा पुन्हा सुरू करणे, आवश्यक तेथे किल्ल्या बदलणे व आवृत्तीची मुदत पाहणे ही कामे माणसासच करावी लागतात.
५. प्रत्येक यंत्रावर ॲप्ट ‘हिस्टरी’ याच नावाची नोंद ठेवते. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणती आज्ञा दिली व कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, हे तीत लिहिलेले असते. बिघाड झाल्यावर प्रथम ही नोंद वाचावी. या जुन्या नोंदी काही काळाने यंत्र आपोआप पुसते, म्हणून संस्थांनी त्या अन्य दप्तरांप्रमाणे वेगळ्या जतन कराव्यात, अशी शिफारस करावीशी वाटते. आपल्या संस्थांच्या डिजिटल व्यवहाराचा इतिहास उद्या कोणी लिहू पाहील, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या अस्सल साधनांत या नोंदींची गणना होईल.